बाराशे वाक्यं आणि एक माझं

७ जानेवारी

डॉक्टरांनी आज घड्याळाकडे बघत सांगितलं की ह्यांचा आवाज सहा महिने टिकेल, फार तर आठ. घड्याळ बघणं मला आवडलं नाही. सहा महिने मोजायला मनगटावरचं घड्याळ लागत नाही. नसा स्नायूंना हुकूम देणं बंद करत जातात म्हणे. आधी बोटं, मग जीभ, मग बाकीचं. बाकीचं म्हणजे काय ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

ह्यांनी मात्र शांतपणे विचारलं, "आवाज आधीच साठवून ठेवता येतो ना?" जसं काही लोणीच आहे.

येतो म्हणे. ठरावीक वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची. त्यावरून कॉम्प्युटर आवाज शिकतो. पुढे जीभ गेली की आपण लिहायचं आणि मशीन आपल्या आवाजात बोलतं. परतताना गाडीत हे एकदम हुशारले. चाळीस वर्षं कॉम्प्युटरमध्ये काढलेला माणूस. मरणाच्या बातमीतही त्यांना करायला एक काम सापडलं. मला काही सापडलं नाही, म्हणून ही वही काढली. विम्याच्या ऑफिसातून निवृत्त होताना मिळालेली, सहा वर्षं कोरी.

तिथे एकतीस वर्षं मी साहेबांची इंग्रजी पत्रं टाइप केली. साहेब सांगायचे 'मूर्ख', मी टाइप करायचे 'आपल्या नजरेतून सुटलेले दिसते'. चार साहेब माझ्यामुळे सभ्य म्हणून निवृत्त झाले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेलं इंग्रजी असं वाया गेलं नाही.

९ जानेवारी

चिरंजीव आणि सूनबाई जेवायला आले. चिरंजीव एका मोठ्या कंपनीत आहेत. मशीन बनवत नाहीत, विकतात. बाप-लेकाची जुंपली.

"बाबा, आमच्या कंपनीचा टॅब घ्या. तीस वाक्यं वाचायची. वीस मिनिटांत तुमचा आवाज तयार."

"कुठे तयार?"

"सर्व्हरवर."

"कोणाच्या?"

"कंपनीच्या. अजून कोणाच्या?"

"म्हणजे माझा घसा तुमच्या कपाटात. उद्या कंपनीने ते कपाटच बंद केलं तर?"

"तुम्ही उद्याचं काय बोलता, तुमच्याकडे..." आणि तो थांबला. सूनबाईंनी पाण्याचा जग उगाच इकडून तिकडे सरकवला.

हे म्हणाले, "बरं, कोणत्या भाषेत बोलेल तो?"

"सध्या इंग्रजीत. आपली भाषा यादीत आहे."

"कितवी?"

चिरंजीवांना माहीत नव्हतं. हे म्हणाले, "मग मी हिच्याशी इंग्रजीत भांडू?"

मी म्हटलं, "भांडून बघा. हराल."

हसले सगळे. पण मग नेहमीचं पुराण निघालं. आमच्या घरात एकही मशीन असं नाही ज्याचं पोट उघडून आत काय आहे ते बघता येणार नाही. ह्यांचा तो नियमच आहे. लिनक्स, त्यावर लोकांनी मिळून बनवलेले प्रोग्राम, सगळं उघडं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमच्या मशीनवर साधा प्रिंटर चालत नाही." हे म्हणाले, "प्रिंटरवाले आपली माहिती दडवतात म्हणून." "पण चालत नाही ना?" "कोणामुळे?" "कोणामुळे का असेना, चालत नाही ना?" दोघंही खरं बोलत होते. मला कागद छापायचा झाला की मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाते.

निघताना दारात चिरंजीव मला हळूच म्हणाले, "आई, मला बाबांचा आवाज हवाय. कुठल्या लायसन्सचा, ते नको." मी म्हटलं, "बूट नीट घाल, नाडी सुटलीय." चाळिशीला आला तरी नाडी बांधता येत नाही.

१५ जानेवारी

काम सुरू झालं. ह्यांच्या उघड्या प्रोग्रामला तीस वाक्यं पुरत नाहीत, बाराशे लागतात. पण तो आपल्या भाषेत बोलतो. जगात तसा तो एकच आहे, असं हे छाती फुगवून सांगतात. मला तरी ती फुशारकीची गोष्ट वाटली नाही. एकच डॉक्टर असलेल्या गावात आजारी पडल्यासारखं ते आहे.

शांतता हवी म्हणून हे कपड्यांच्या कपाटात बसतात. दारं उघडी, खुर्ची अर्धी आत, डोक्यावर माझे टांगलेले कोट आणि समोर माइक. मी फ्रिज बंद करते, कारण तो गुरगुरतो. आज दूध नासलं.

वाक्यं कोणी लिहिली देव जाणे. भाषेतले सगळे आवाज त्यांत यावेत एवढंच बघितलंय. "घारीने खडकावरून झेप घेतली." "पुलावर वाहने सावकाश चालवावीत." "गोदामातील खोक्यांची संख्या जुळत नाही." मी कॉटवर बसून मोजे दुमडत ऐकत होते. इतक्या वाक्यांत कोणी कोणाला हाक मारत नाही, कोणी कोणावर चिडत नाही. ब्रह्मचाऱ्यांनी लिहिलेली यादी.

वाक्य झालं की हे पुढचं-मागचं कापतात. श्वास, खुर्चीची कुरकुर, सगळं. एका वाक्यामागे "अगं, दार ओढून घे" आलं होतं. तेही कापलं. "घाण चालत नाही," म्हणाले. मी घाण!

१९ जानेवारी

वाचा-उपचार करणाऱ्या बाई घरी आल्या. तरुण आहे, पण समजूत चांगली. तिने सांगितलं, "प्रोग्रामचं चालू द्या, पण शिवाय रोजचं बोलणं तसंच्या तसं टेप करून ठेवा. घरच्या हाका, थट्टा, तुम्ही ज्या शिव्या देता त्या. पुढे लोकांना हेच हवं असतं."

ह्यांनी तिला प्रेमाने वेड्यात काढलं. "ती टेप झाली हो. कॉम्प्युटरमध्ये माझ्या आवाजाचं मॉडेल तयार झालं की मी काहीही बोलेन. 'अगं चहा टाक'पासून भाषणापर्यंत. तेच ते चार शब्द साठवून काय करायचेत?"

मलाही ते पटलं. बाराशे वाक्यांत ह्यांचा जीव आधीच थकतो, त्यात अजून कुठे शिव्या.

२ फेब्रुवारी

चारशे दहा वाक्यं झाली. ह्यांनी तेवढ्यावरच एकदा चालवून पाहिलं. मशीनमधून जे आलं ते बादलीत पडलेल्या माणसासारखं होतं. ह्यांची जीभ आताच जड झाली आहे आणि प्रोग्रामला जड जीभ समजत नाही. तो चांगल्या जिभांसाठी केलेला. त्यात दुरुस्ती करावी लागेल.

"दोन वर्षांपूर्वी मीच केली असती, आठवड्यात," म्हणाले आणि उजव्या हाताकडे बघत बसले. शर्टाची बटणं परवापासून मी लावते.

दुरुस्ती करू शकणारा माणूस जगात एकच. आपल्या भाषेचा भाग त्यानेच केला, नऊ वर्षं तोच सांभाळतो. दूर कुठेतरी राहतो, आम्ही त्याला पाहिलेलं नाही. हे त्याला मेंटेनर म्हणतात, मी सांभाळणारा म्हणते. ह्या सगळ्या लोकांची एक पत्रांची यादी आहे. एकाने इंग्रजीत पत्र टाकलं की सगळ्यांना जातं. त्यावर सांभाळणाऱ्याने आजच लिहिलंय: "तुमची दुरुस्ती आधी घेतो. थोडा वेळ द्या." सरळ माणूस दिसतो.

बोटं चालत नाहीत म्हणून आता ह्यांची पत्रं मी टाइप करते. हे सांगतात, मी बडवते. सहा वर्षांनी पुन्हा नोकरी, फक्त साहेबाला जेवण भरवायचं तेवढं जास्त.

९ फेब्रुवारी

आज मला लायसन्स शिकवलं. जीभ अडखळत होती तरी थांबेनात. कोणीही घ्या, वापरा, बदला, अटी दोनच. उघडं आहे ते पुढेही उघडंच ठेवायचं, आणि ज्याने लिहिलं त्याचं नाव पुसायचं नाही. "दुसऱ्याचं लिहिलेलं आपलं म्हणून खपवणं, ह्याहून मोठं पाप आमच्यात नाही." मी म्हटलं, "मग सांभाळणारा आजारी पडला तर?" "कोणीही पुढे येऊन उचलू शकतं. तीच तर ताकद आहे." कोणीही. ऑफिसात आमच्याकडेही एक कपाट होतं, ते कोणीही आवरू शकत होतं. एकतीस वर्षं.

२० फेब्रुवारी

यादीवर आग लागली आहे. सांभाळणाऱ्याने लांबलचक पत्र टाकलं. दिवसा गोदामात काम करतो, उरलेल्या वेळात हे. नऊ वर्षांत मदतीला कोणी आलं नाही, आल्या त्या तक्रारी. आता एका कंपनीला आपल्या भाषेचा भाग हवा आहे. त्यालाही त्या नोकरीवर घेतील. अट एकच, पुढचं काम कुलपात.

त्यावर दाढीवाला तुटून पडला. त्याला दाढीवाला म्हणते कारण त्याच्या पत्राशेजारी फोटो असतो आणि त्यात दाढीखेरीज काही नाही. पण तुटून पडला तो कंपनीच्या बाजूने. "घेऊ द्या कंपनीला. लोकांना काम झाल्याशी मतलब. कुलूप नको, हे म्हाताऱ्यांचं वेड." मग दुसरा, तिसरा. एकाने तर सगळ्या मोठ्या कंपन्यांना चोर म्हटलं आणि ते पत्र कंपनीच्याच मशीनवरून पाठवलं. खाली तसं लिहून आलं होतं! कोणी सांभाळणाऱ्याला असं विचारलं नाही की बाबा रे, जेवतोस कधी. मीही नाही. मी फक्त वाचून दाखवते.

ह्यांनी दिवसभर फक्त तीन वाक्यं वाचली. आवाज त्या पत्रांवर बोलण्यात खर्च झाला. आठशे पन्नासवर अडकलोय.

२१ फेब्रुवारी

सकाळी ह्यांच्या हातातून कप पडला. चहा सगळा मांडीवर. भाजलं नाही. मी पुसत होते तर म्हणाले, "सॉरी." एकेचाळीस वर्षांत मला कधी सॉरी म्हटलं नव्हतं. शेजारच्यांच्या गाडीला धडक दिली होती तेव्हाही नाही. मला इतका संताप आला की फडकं पिळता पिळता मोरीत फेकलं.

दुपारी पत्र सांगितलं. अर्धा तास लागला, शब्द तीनदा विचारावे लागत होते. "नऊ वर्षं तुमच्यावर सगळं टाकून आम्ही निर्धास्त राहिलो, ही आमची चूक. थोडं थांबा. मदतीला माणसं शोधू, मी सगळ्यांना लिहितो. पण भाषा कुलपात घालू नका." सांगून झाल्यावर खुर्चीतच डोळा लागला.

मी वाचून पाहिलं. मिळमिळीत. असल्या पत्राने कोणी थांबत नसतं. ह्यांची दुरुस्ती अर्धवट टाकून हा मनुष्य कंपनीच्या दारात उभा राहणार आणि आम्ही त्याची माफी मागतोय! सहीच्या वर जागा होती. मी एक वाक्य घातलं. मराठीत त्याचा डौल जातो, पण अर्थ असा: ज्याला घर सांभाळणं झेपत नाही त्याने किल्ल्या मुकाट्याने खाली ठेवाव्यात, त्या विकायला दारोदार फिरू नये.

इंग्रजीत ते फार बांधेसूद झालं होतं. सिस्टरांनी दहापैकी नऊ दिले असते. पाठवून दिलं. मग चहाचा डाग घासला.

२२ फेब्रुवारी

सांभाळणाऱ्याचं उत्तर आलं. दोन ओळी.

"किल्ल्या खाली ठेवल्या आहेत. आजारी गृहस्थांच्या आवाजाची दुरुस्ती अर्धी झाली आहे, ती फोल्डरमध्ये आहे. बाकी ज्याला झेपेल त्याने करावी."

नोकरीचं काय, कंपनीचं काय, एक शब्द नाही. यादीतून नावही काढून घेतलं.

मी वाचून दाखवलं. हे म्हणाले, "परत वाच." वाचलं. "किल्ल्या? किल्ल्या कुठून आल्या?"

"असेल त्यांच्याकडे बोलायची पद्धत," मी म्हटलं.

नंतर मला म्हणाले, आज तू दमली असशील, लॅपटॉप इथेच पलंगावर राहू दे, मी बघत बसतो. एका बोटाने पान वरखाली करता येतं अजून. मी स्वयंपाकघरात होते. बऱ्याच वेळाने हाक मारली, "अगं." गेले तर म्हणाले, "तुझं इंग्रजी फार चांगलं आहे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मान्य केलं. बरं वाटलं.

२५ फेब्रुवारी

मी काही वावगं लिहिलं नव्हतं. खरं तेच लिहिलं. एका वाक्याने जो मनुष्य नऊ वर्षांचं काम सोडतो तो आज ना उद्या सोडणारच होता. ऑफिसात आम्ही ह्याहून कडक नोटिसा काढल्या आहेत.

हेच पत्र आपल्या भाषेत लिहायचं असतं तर आधी त्याला तू म्हणू की तुम्ही ह्यावर अडले असते, आणि तेवढ्यात कदाचित राग उतरला असता. इंग्रजीत अडायला काही नसतं.

ह्यांना सांगणार नाही. आधीच कमी त्रास आहे का.

२८ फेब्रुवारी

कालपासून हे एकट्यानेच काहीतरी टाइप करताहेत. एका बोटाने. मी "सांगा, मी करते" म्हटलं तर मान हलवली. जवळ गेले की मनगटाने झाकण पाडतात. आज तर मला मुद्दाम औषधाच्या दुकानात पिटाळलं. औषध घरात होतं.

मृत्युपत्र असावं. किंवा चिरंजीवांना काही. माझ्यापासून लपवण्यासारखं ह्यांच्याकडे काय आहे, हा मला प्रश्नच आहे. दोन दिवस वाचन बंद, आवाज मात्र त्याच्या वेळेने चाललाच आहे.

११ मार्च

बाराशे पूर्ण. शेवटचं वाक्य: "उद्या दुपारनंतर वाऱ्याचा जोर वाढेल." 'जोर' चार वेळा वाचला, चारही वेळा वेगळा आला. कपाटातून बाहेर आले तेव्हा डोक्यावर माझ्या कोटाची लोकर लागली होती. मी काढली.

मॉडेल चालवलं. तेच, बादलीतला माणूस. पण ह्या वेळी बादलीत कोण आहे ते ओळखू येत होतं, आणि ते जास्त वाईट. एकदा ऐकून हे म्हणाले, "बंद कर."

२९ मार्च

दाढीवाल्याने अर्धी दुरुस्ती पूर्ण करायचा प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तीन आठवडे धडपडला. मग लिहिलं: "मला तुमची भाषा येत नाही. काय बरोबर वाजतंय आणि काय चूक, तेच कळत नाही. माफ करा." फोटोतली दाढी मला पहिल्यांदाच बरी वाटली.

यादीवर दुसरा वाद सुरू झाला आहे. प्रोग्रामच्या चिन्हाचा रंग निळा असावा की हिरवा. बेचाळीस पत्रं. "कोणीही उचलू शकतं" म्हणतात तो कोणीही हिरव्याच्या बाजूने आहे.

चिरंजीवांना विचारलं, तुझ्या ओळखीत कोणी नाही का रे? म्हणाला, "आई, चार जणांना विचारलं. ज्यांना काम येतं त्यांना भाषा येत नाही. ज्यांना भाषा येते ते आमच्याकडे नोकरीला आहेत, बाहेरचं काम करायला करारात मनाई आहे." हे एका श्वासात सांगितलं, म्हणजे खरंच विचारलं असावं.

१८ एप्रिल

आता ह्यांचं बोलणं फक्त मला कळतं. मीच दुभाषी. डॉक्टर ह्यांना विचारतात, हे काहीतरी म्हणतात, डॉक्टर माझ्याकडे बघतात. कधी कधी मलाही कळलेलं नसतं, तेव्हा मी माझ्या मनाने ठोकून देते. आज हे बराच वेळ काही सांगत होते, मी डॉक्टरांना म्हटलं, "पाय दुखतो म्हणतात." ह्यांनी डोळे मिटून घेतले.

वाचा-उपचारवाल्या बाईंनी विचारलं, "ते घरगुती बोलणं टेप केलंत ना?" मी म्हटलं, तुमचं वय किती? तिला वाईट वाटलं असावं. मला तिचं वय खरंच माहीत करून घ्यायचं नव्हतं.

६ मे

आवाज गेला. कुठल्या दिवशी गेला ते सांगता येत नाही. रविवारी होता असं वाटतं. शेवटचं काय बोलले तेही मला माहीत नाही, कारण ते शेवटचं आहे असं कोणी सांगितलं नव्हतं. बहुधा उशीबद्दल काहीतरी.

१४ मे

कंपनीचा टॅब आला. पलंगासमोर दांड्यावर बसवला. हे डोळ्यांनी एखाद्या चौकोनाकडे बघत राहिले की तो चौकोन बोलतो. अक्षर-अक्षर लिहिण्याइतके डोळे आता स्थिर राहत नाहीत. तीस वाक्यं वाचायची वेळ केव्हाच गेली, त्यामुळे आवाज कंपनीचा. कुणा गुळगुळीत, निरोगी पुरुषाचा. चौकोन अठरा. येस. नो. थँक यू. आय ॲम कम्फर्टेबल. आय वुड लाइक सम वॉटर. आणि मला बोलवायचं असेल तर, प्लीज कॉल माय केअरगिव्हर.

"हे काय?" मी विचारलं. "मला बोलवायला हे?"

"आई, ते ठरलेलं असतं. बदलता येत नाही."

"'अगं' टाक."

"नाही टाकता येत. पुढच्या आवृत्तीत कदाचित." मग तोंड फिरवून टॅबची वायर उगाच नीट करत राहिला. एवढी मोठी कंपनी, दोन अक्षरंही जास्त झाली नसती. मी म्हटलं, तुझ्या साहेबाचा पत्ता दे, मी लिहिते. म्हणाला, "नको आई. तू लिहू नकोस." हा असं का म्हणाला? मी लिहिलेलं ह्याने कधी काय वाचलंय?

हे आमच्या दोघांकडे बघत होते. मशीन म्हणालं, "आय ॲम कम्फर्टेबल."

३ जून

दुपारी हे झोपले तेव्हा ती बाराशे वाक्यं उघडली. म्हटलं, कुठेतरी एक 'अगं' राहिला असेल. कापायला विसरले असतील. शंभर ऐकली, मग दोनशे. घार झेप घेते. पूल. खोकी. माझा माणूस किती नीटनेटका! एकाही वाक्याच्या मागेपुढे श्वासदेखील नाही. चारशेनंतर जीभ जड होत जाते ते मात्र ऐकू येतं. हजाराच्या पुढे घार खडकावरून झेप घेत नाही, घरंगळते.

पाच दिवसांत बाराशेही ऐकणार आहे.

८ जून

ऐकली. नाही.

१२ जून

सांभाळणाऱ्याला लिहायचं ठरवलं. माफी नाही. फक्त असं, की ते वाक्य माझं होतं, ह्यांचं नव्हतं, आणि अर्धी दुरुस्ती पूर्ण करून द्या. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून यादीवरच लिहावं लागणार. सगळ्यांसमोर. ठीक आहे.

आधी माझं ते पत्र पुन्हा बघावं म्हणून मागे गेले. ह्या लोकांचं सगळं उघडं असतं, जुनी पत्रंसुद्धा तारखेवार लावून ठेवलेली, कोणीही वाचावीत. हे माझ्या तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं. म्हणजे २१ फेब्रुवारीचं पत्र ह्यांच्या पलंगावर, ह्यांच्या एका बोटाखाली, २२ फेब्रुवारीपासून होतं.

आणि त्याच्या खाली २८ फेब्रुवारीचं एक. ह्यांच्या नावाने. मी टाइप न केलेलं. सगळी लहान अक्षरं, एकही कॅपिटल नाही. कॅपिटलला दुसरं बोट लागतं. इथे मराठीत उतरवून घेते:

"किल्ल्यांचं वाक्य माझं आहे. बायको फक्त टाइप करते, तिला ह्यातलं काही माहीत नाही. मी रागात होतो, तुमच्यावर नव्हे. तुम्ही परत आला नाहीत तरी प्रोग्रामच्या पहिल्या ओळीतलं तुमचं नाव कोणी पुसू नये."

खाली उत्तर नाही. सांभाळणारा आधीच निघून गेला होता, त्याला ते पोचलंही नसणार. मग लगेच निळा आणि हिरवा.

ज्याने लिहिलं त्याचं नाव राहिलं पाहिजे म्हणून जन्मभर जगाशी भांडलेला माणूस. आणि माझं वाक्य, मी रचलेलं, स्वतःच्या नावावर खपवलं. मला विचारलंसुद्धा नाही. दोन दिवस एका बोटाने. मला औषधाला पाठवून.

शिवाय सात चुका. मी मोजल्या. मला दाखवलं असतं तर एकही राहिली नसती.

१३ जून

आज यादीवर लिहिलं नाही. काय लिहू? माझं म्हणू तर हे खोटे पडतात.

दुपारी पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसले. म्हटलं, "अहो, मी वाचलं ते. अठ्ठावीस तारखेचं."

पापण्या मिटल्या, उघडल्या.

"सात चुका आहेत."

डोळे टॅबवर गेले. एका चौकोनावरून दुसऱ्यावर, खाली, पुन्हा वर. पाणी, नाही. येस, नाही. थँक यूवर क्षणभर थांबले आणि सुटले. शेवटी एका जागी टेकले आणि टिकून राहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या गुळगुळीत पुरुषाने सांगितलं, "प्लीज कॉल माय केअरगिव्हर."

"इथेच आहे," मी म्हटलं.

पुन्हा तेच. "प्लीज कॉल माय केअरगिव्हर."

"अहो, इथेच तर आहे."